यादीत नसलेले नाव

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले, घोड नदीकाठचे इनामगाव इतिहासाच्या अभ्यासकांना ताम्रपाषाणयुगीन वसाहतीसाठी ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि त्याचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत शोध मात्र याच गावाच्या फार अलीकडच्या कागदापासून सुरू होतो. इनामगावातल्या एखाद्या गटाचा सातबारा आज महाभूलेखच्या संकेतस्थळावर पाहता येतो. पुणे विभाग, पुणे जिल्हा, शिरूर तालुका, गाव आणि गट क्रमांक अशा पायऱ्यांनी तो समोर येतो. या संकेतस्थळाच्या जुन्या पानांचे पत्ते नीट वाचले, तर शेवटी 'डॉट एएसपीएक्स' ही अक्षरे आढळतात. ती मायक्रोसॉफ्टच्या 'एएसपी डॉट नेट' या तंत्राची खूण आहे. अशी पाने सहसा विंडोज सर्व्हरवर चालतात. इथे 'सहसा' म्हणणे भाग आहे, कारण हेच तंत्र 'मोनो'सारख्या साधनाने लिनक्सवरही चालवता येते. म्हणून ही अक्षरे खूण म्हणून घ्यावीत, साक्ष म्हणून नव्हे.

पुढच्या शोधाला एवढी खूण पुरते. विंडोज सर्व्हर सांभाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक प्रसंग ओळखीचा असतो, मग तो सर्व्हर सरकारी कचेरीतला असो, सहकारी बँकेतला असो की साखर कारखान्यातला. नवा सर्व्हर उभा राहतो, सुरक्षेचा अपडेट उतरवायला अ‍ॅडमिन त्याच यंत्रावरचा इंटरनेट एक्सप्लोरर उघडतो आणि ब्राउझर सरळ नकार देतो. सर्व्हर, ब्राउझर आणि अपडेट ही तिन्ही एकाच कंपनीची असूनही नकार मिळतो. तो कोणत्या आधारावर दिला जातो, आणि त्याचा निर्णय केव्हा झाला?

पहिला पुरावा म्हणजे पडद्यावरचा संदेश. तो दोन प्रकारचा असतो आणि बरेच जण दोन्ही एकच समजतात. पहिल्या प्रकारात एक चौकट उघडते. अमुक संकेतस्थळावरचा मजकूर 'एनहान्स्ड सिक्युरिटी कॉन्फिगरेशन'ने अडवला आहे, असे ती सांगते, त्या संकेतस्थळाचे नाव देते आणि ते विश्वासार्ह यादीत घालण्याची सोयही देते. दुसऱ्या प्रकारात सध्याच्या सुरक्षा सेटिंगनुसार ही फाइल उतरवता येणार नाही, एवढेच म्हटलेले असते. पहिला संदेश पानातल्या स्क्रिप्ट आणि अ‍ॅक्टिव्हएक्स यांसारख्या चालत्या भागांबद्दल आहे, तर दुसरा फाइल उतरवण्याच्या परवानगीबद्दल. दुसरा संदेश आला असेल तर निदान पान दिसण्यापर्यंत वाट सहसा मोकळी होती, असे धरता येते. अनेकदा शोधाची दिशा याच फरकाने ठरते, म्हणून संदेश शब्दशः उतरवून ठेवावा. 'काहीतरी एरर आली' ही नोंद पुढे कुणाच्याही कामाची नसते.

या 'एनहान्स्ड सिक्युरिटी कॉन्फिगरेशन'चा जन्म नेमका सांगता येतो. २४ एप्रिल २००३ रोजी विंडोज सर्व्हर २००३ बाजारात आला आणि त्यात ही कडक मांडणी आपोआप चालू होती. त्याआधीच्या दोन वर्षांत काय झाले, त्याच्या तारखाही उपलब्ध आहेत. जुलै २००१ मध्ये 'कोड रेड' हा किडा मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरांतून पसरला. १८ सप्टेंबर २००१ ला 'निम्डा' आला. त्याच्या पसरण्याच्या अनेक वाटांपैकी एक म्हणजे बाधित सर्व्हरवरची पाने ब्राउझरमध्ये उघडणे. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कंपनीतल्या सर्वांना पत्र पाठवून, नवी वैशिष्ट्ये आणि सुरक्षा यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षा निवडा, असे बजावले. सव्वा वर्षाने आलेल्या सर्व्हरमध्ये ब्राउझरचे हातपाय बांधलेले असणे हा या क्रमाचाच परिणाम आहे, असे माझे मत आहे. निम्डाचा प्रसार पाहता सर्व्हरवर बसून कुणी वेब धुंडाळूच नये, ही अपेक्षा अवास्तव नव्हती.

या मांडणीत 'इंटरनेट' या गटातल्या प्रत्येक स्थळाला सर्वांत कडक नियम लागतात. तिथल्या स्क्रिप्ट चालत नाहीत, अ‍ॅक्टिव्हएक्स चालत नाही आणि फाइलही उतरत नाही. अपवाद फक्त विश्वासार्ह यादीतल्या नावांना मिळतो. मग स्वतःच्या अपडेटचे काय करायचे, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टलाही पडला असणार, कारण तिने ती यादी अगदी कोरी ठेवली नव्हती. कंपनीच्या दस्तऐवजांनुसार विंडोज अपडेटचे स्थळ आणि प्रोग्राम बंद पडल्याचा अहवाल पाठवण्याचे स्थळ ही मुळातच यादीत घातलेली होती. म्हणजे रचना करणाऱ्यांना अडचण दिसली होती आणि त्यांनी तिची तरतूद केली होती. तरीही अपडेट अडत राहिले. का, ते दुसऱ्या पुराव्यातून कळते.

हा पुरावा रजिस्ट्रीत असतो. विंडोजच्या या अंतर्गत नोंदवहीत इंटरनेट सेटिंगखाली 'झोनमॅप' नावाचा भाग आहे आणि त्यात दोन वेगळ्या याद्या आहेत. एकीचे नाव 'डोमेन्स' आणि दुसरीचे 'एस्कडोमेन्स'. कडक मांडणी बंद असेल तेव्हा ब्राउझर पहिली यादी पाहतो आणि ती चालू असेल तेव्हा दुसरी. एखाद्या अ‍ॅडमिनने मांडणी बंद असताना विश्वासार्ह स्थळ नोंदवले आणि नंतर कुणी मांडणी पुन्हा चालू केली, तर नोंद जागेवर असूनही ब्राउझर तिच्याकडे बघत नाही. 'मी तर नाव घातले होते' असे सांगणारा माणूस अशा वेळी खरेच बोलत असतो. फक्त त्याचे नाव दुसऱ्या यादीत पडलेले असते. रजिस्ट्रीतले हे दोन कप्पे शेजारी उघडून पाहिल्याखेरीज हा गुंता सुटत नाही.

आता नावांकडे वळू. मूळ यादीत तारांकित रूपात 'विंडोजअपडेट डॉट कॉम' आणि 'विंडोजअपडेट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम' ही नावे होती. पुढे या नावांचे काय झाले, ते तारखांनिशी सांगता येते. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आरपीसी सेवेतल्या एका दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. ११ ऑगस्टला त्याच दोषाचा फायदा घेणारा 'ब्लास्टर' किडा पसरू लागला. १६ ऑगस्टपासून 'विंडोजअपडेट डॉट कॉम'वर विनंत्यांचा भडिमार करावा, अशी आज्ञा त्याच्या पोटात लिहिलेली होती. ज्या दाराने दुरुस्ती मिळणार तेच दार बंद पाडायचे, हा डाव होता. पण ते नाव केवळ दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारी पाटी होते. मायक्रोसॉफ्टने १५ ऑगस्टला ती पाटीच उतरवली आणि हल्ल्याला लक्ष्य उरले नाही. सर्व्हर २००३ बाजारात येऊन चार महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात विश्वासार्ह यादीतल्या एका नावाचे काम असे बदलले.

मोठा बदल जून २००५ मध्ये झाला. विंडोजबरोबर ऑफिससारख्या इतर प्रोग्रामांचेही अपडेट देणारी 'मायक्रोसॉफ्ट अपडेट' ही सेवा सुरू झाली. तिचे नाव 'अपडेट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम' होते. ते आता जुन्या यादीशी ताडून पाहा. 'विंडोजअपडेट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम'च्या आधी कितीही तारे लावले तरी हे नाव त्यात बसत नाही. माणसाच्या डोळ्याला दोन्ही नावे सख्खी वाटतात, पण ब्राउझर अक्षरे जुळवतो, नाते जुळवत नाही. पुढे मायक्रोसॉफ्टच्या मदतपत्रांमध्येच हे नाव विश्वासार्ह स्थळांत घाला अशी सूचना सापडते. नावे जुळत नाहीत एवढे निश्चित आहे. अमुक एका यंत्रावर अपडेट त्याच कारणाने अडला, हा मात्र अंदाजच राहतो. सर्व्हिस पॅकमुळे किंवा एखाद्या अ‍ॅडमिनच्या हाताने त्या यंत्राची यादी वाढलेली असू शकते. म्हणून प्रत्येक सर्व्हरची रजिस्ट्री स्वतंत्र वाचावी लागते.

तिसरा पुरावा म्हणजे लॉग. विंडोजच्या फोल्डरात 'विंडोजअपडेट डॉट लॉग' नावाची फाइल असते. रजिस्ट्री आणि लॉग यांचे नाते सातबारा आणि फेरफारासारखे आहे. सातबाऱ्यावर आजची स्थिती दिसते आणि ती कशी आली ते फेरफार सांगतो. या लॉगच्या प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, प्रक्रियेचा क्रमांक, तो भाग कोणता आणि काय घडले हे लिहिलेले असते. शोध सुरू झाल्याच्या ओळीत तो कुणी मागितला याचीही नोंद असते. आपोआप अपडेट आणणाऱ्या सेवेने मागितला असेल तर 'ऑटोमॅटिक अपडेट्स', आणि संकेतस्थळावरून आला असेल तर त्या स्थळाचे नाव.

या लॉगमधली शांतताही बोलकी असते. ब्राउझरने अपडेटच्या पानावरचा अ‍ॅक्टिव्हएक्स भाग चालूच दिला नाही, तर सर्व्हरवरच्या अपडेट यंत्रणेपर्यंत मागणी पोचत नाही आणि त्या वेळेची ओळ सहसा लॉगमध्ये उमटत नाही. सकाळी अकरा वाजता अ‍ॅडमिनने प्रयत्न केला आणि अकराच्या आसपास लॉग कोरा असेल, तर दोष ब्राउझरच्या दारातच शोधावा. उलट ओळी असतील आणि त्यांत त्रुटीचा क्रमांक असेल, तर ब्राउझर बहुधा निर्दोष आहे. अपडेटची सेवा स्वतः ब्राउझरचे गट आणि याद्या मानत नाही, ती 'विनएचटीटीपी' या वेगळ्या मार्गाने बाहेर जाते आणि तिचे प्रॉक्सी सेटिंगही वेगळे असते. ब्राउझरमध्ये प्रॉक्सी नीट भरलेला असून सेवा मात्र बाहेर पोचत नाही, असे कित्येकदा घडते ते यामुळे. '८००७२एफ८एफ' हा क्रमांक दिसला तर आधी सर्व्हरचे घड्याळ पाहावे. तारीख चुकली असेल तर समोरच्याचे प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे दिसते आणि सुरक्षित जोडणी मोडते. सर्व्हर २०१६पासून हा लॉग साध्या मजकुरात लिहिला जात नाही, तो आज्ञा देऊन तयार करून घ्यावा लागतो.

प्रमाणपत्रांचा विषय निघाला की एक वेगळी यादी समोर येते, आणि तिच्या इतिहासात भारत सरकारचा थेट संबंध आहे. सुरक्षित संकेतस्थळ उघडताना ब्राउझर त्याचे प्रमाणपत्र कुणी दिले ते पाहतो, त्या देणाऱ्याला कुणी अधिकार दिला ते पाहतो आणि असा वर चढत एका मूळ प्रमाणपत्रापाशी पोचतो. ते मूळ त्याच्या यादीत असेल तरच स्थळ खरे मानले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार आपल्याकडे असा मूळ अधिकार 'कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज' म्हणजे सीसीएकडे आहे. त्याखाली परवानाधारक संस्था येतात आणि त्यांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी हीही होती. सीसीएचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर आणि क्रोम दोघेही तीच यादी वापरत असत. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती आणि तिच्यात सीसीएचे नाव नव्हते.

जुलै २०१४ मध्ये काय घडले, ते दोन कागदांतून जोडता येते. पहिला गूगलचा, ८ जुलैचा. २ जुलैला गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे लक्षात आले, ती एनआयसीच्या मध्यस्थ प्रमाणपत्रांखाली होती आणि ३ जुलैला सीसीएने एनआयसीची सर्व मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केल्याचे कळवले, असे त्यात नमूद आहे. विंडोजवरचा क्रोम गूगलच्या स्थळांपुरता फसला नसता, कारण त्यात गूगलच्या स्वतःच्या किल्ल्यांची वेगळी खातरजमा होती, हेही त्यात आहे. दुसऱ्याच दिवशी त्यात भर पडली. एनआयसीची प्रमाणपत्रे देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती, एकूण चारच चुकीची प्रमाणपत्रे दिली गेली आणि पहिले २५ जूनचे होते, असे सीसीएने कळवले होते. चारांपैकी तीन गूगलच्या आणि एक याहूच्या डोमेनसाठी होते. गूगलने त्यापुढे लिहिले की या चारांत नसलेली प्रमाणपत्रेही आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे घुसखोरीचा आवाका अज्ञात आहे, एवढाच निष्कर्ष काढता येतो.

इथे दोन साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. चारचा आकडा तपास करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा आहे, तर त्याहून जास्तीचा दावा बाहेरून प्रमाणपत्रे पाहणाऱ्या कंपनीचा. मी दुसऱ्या साक्षीला अधिक वजन देतो, कारण चारांपलीकडची प्रमाणपत्रे गूगलला स्वतःला माहीत होती. चारचा आकडा तपासाच्या त्या टप्प्यावर हाती आलेल्या नोंदींचा असावा. तो मुद्दाम कमी सांगितला, असा अर्थ काढायला आधार नाही.

गूगलच्या त्याच नोंदीत क्रोमचा निर्णयही आहे. यापुढच्या आवृत्तीत सीसीएच्या मुळावर फक्त सात नावांपुरता विश्वास ठेवला जाईल, असे तिथे जाहीर केले होते. त्यांत 'गव्ह डॉट इन', 'एनआयसी डॉट इन', 'एसी डॉट इन' आणि रिझर्व्ह बँकेचे डोमेन आहे. उरलेली तीन नावे बँक ऑफ इंडिया, एनकोड आणि टीसीएस यांची. इनामगावचा सातबारा दाखवणाऱ्या महाभूलेखच्या पत्त्यातले 'महाभूमी' हे नाव 'गव्ह डॉट इन'खाली येते, म्हणजे सात दारांपैकी पहिल्याच दारातून आत येते. पण एवढ्याने सर्व निभावत नव्हते. ज्या सरकारी स्थळाचे प्रमाणपत्र एनआयसीने दिलेले होते, त्याचे मध्यस्थच रद्द झाल्यावर ते कोणत्या नावाखाली आहे याला अर्थ उरत नाही. अशा स्थळाला दुसऱ्या संस्थेकडून नवे प्रमाणपत्र घ्यावेच लागणार होते. एनआयसीच्या प्रमाणन विभागाने त्या काळात सुरक्षेच्या कारणास्तव काम थांबवल्याचे आणि नवे अर्ज न घेण्याचे जाहीर केले होते.

सीसीएचे मूळ मात्र नाहीसे झाले नाही. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याला तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. भारतीय कायद्याखालच्या डिजिटल स्वाक्षरीची साखळीही सीसीएच्या मुळापर्यंतच जाते. अशी सरकारी पीडीएफ अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडली तर पुष्कळांना स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि कागद खोटा आहे की काय, अशी शंका येते. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की त्या संगणकावरच्या वाचकाच्या यादीत सीसीएचे मूळ अजून नोंदवलेले नाही. कागदाच्या खरेपणाबद्दल ते हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. खातरजमेचा सरळ मार्ग सातबाऱ्यावरच छापलेला असतो. तिथला पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मूळ नोंद समोर येते.

राहिला दुसरा कागद, मायक्रोसॉफ्टचा १० जुलै २०१४ चा इशारा. त्यात अविश्वासार्ह ठरवलेल्या तीन मध्यस्थ प्रमाणपत्रांचा तक्ता आहे. 'एनआयसी सर्टिफाइंग अथॉरिटी', 'एनआयसी सीए २०११' आणि 'एनआयसी सीए २०१४' ही ती तीन, आणि ती अनुक्रमे सीसीएच्या २००७, २०११ आणि २०१४च्या मुळांनी दिलेली होती. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ यांवर ही नावे आपोआप बाद झाली. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ यांवर रद्द प्रमाणपत्रांची यादी आपोआप आणणारा एक आधीचा अपडेट बसवलेला असेल, तर त्यांवरही. सर्व्हर २००३ला मात्र तशी सोयच नव्हती. इशाऱ्याची सुधारित आवृत्ती १७ जुलैला निघाली आणि २९८२७९२ क्रमांकाचा अपडेट सर्व्हर २००३साठी उपलब्ध झाल्याचे तिने सांगितले.

१० ते १७ जुलै हा आठवडा मला या साऱ्या कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या सात दिवसांत सर्व्हर २००३ चालवणाऱ्याला कंपनीकडून तयार दुरुस्ती नव्हती. त्याला तीन प्रमाणपत्रे हाताने अविश्वासार्ह कप्प्यात टाकणे तेवढे शक्य होते. आणि १७ तारखेनंतर? स्वयंचलित सेवा चालू असेल तर तिने अपडेट आणला असता. ती बंद ठेवून अपडेट हाताने बसवण्याची शिस्त जिथे होती, तिथे अ‍ॅडमिनला सर्व्हरवरचा ब्राउझर उघडून मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड केंद्राकडे जावे लागले असते. त्या केंद्राचे नाव २००३च्या मूळ यादीत नव्हते. म्हणजे ब्राउझरची विश्वासाची यादी दुरुस्त करणारी फाइल ब्राउझरच्याच दुसऱ्या यादीने अडवली असती.

अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कडक मांडणी पूर्ण बंद करणे. सर्व्हर २००३मध्ये ती विंडोजचे घटक काढण्याच्या यादीतून काढता येत होती. सर्व्हर २००८पासून 'सर्व्हर मॅनेजर'मध्ये अ‍ॅडमिन आणि इतर वापरकर्ते यांच्यासाठी दोन स्वतंत्र बटणे आली. बंद करणे दोन मिनिटांचे काम आहे, पण पुन्हा चालू करणे राहून जाते आणि महिन्यांनी कुणी रजिस्ट्री तपासली की अ‍ॅडमिनसाठी ती अजून बंदच सापडते. त्यापेक्षा संदेशात आलेले नेमके एक नाव योग्य यादीत घालणे, काम झाल्यावर ते काढणे आणि दोन्ही वेळांची नोंद ठेवणे मला बरे वाटते. दुसरा मार्ग म्हणजे अपडेट वेगळ्या संगणकावर उतरवून, फाइलवरची मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी तपासून, मग सर्व्हरवर नेणे. त्यासाठी असलेला 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग'सुद्धा २०१६ पर्यंत इंटरनेट एक्सप्लोरर आणि अ‍ॅक्टिव्हएक्स यांच्याशिवाय वापरता येत नव्हता, म्हणून जुन्या सूचनापत्रांत हा मार्ग क्वचितच सुचवलेला आढळतो. अनेक सर्व्हर असतील तिथे आतल्या जाळ्यातच अपडेट वाटणारा 'डब्ल्यूसस' सर्व्हर ठेवला जातो. त्या रचनेत इतर सर्व्हरवरच्या ब्राउझरचा अपडेटशी संबंधच राहत नाही.

सर्व्हर २००३चा आधार १४ जुलै २०१५ रोजी संपला. कडक मांडणी पुढच्या आवृत्त्यांतही कायम राहिली. आज सर्व्हर २०१९ नव्याने बसवून त्यावरच्या इंटरनेट एक्सप्लोररने दुसरा ब्राउझर उतरवू पाहिले, तरी तीच चौकट उघडते आणि तिच्यात अडवलेल्या स्थळाचे पूर्ण नाव लिहिलेले असते.